रायफलचा टेकू



‘शिस्त’ हा शब्द आज आपण शाळेतल्या रांगेसाठी आणि सकाळी लवकर उठण्यासाठी वापरतो. पण जुन्या मराठीत शिस्त धरणं म्हणजे बंदुकीचा नेम धरणं. शब्द फारसीतून आला आणि इथे मुरला. लष्कराच्या हिंदीत तो अजून मूळ अर्थानं जिवंत आहे. कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. हवालदार उस्ताद आम्हाला मैदानावर पालथं झोपवत आणि ओरडत, ‘शिस्त लो!’ समोर पंचवीस यार्डांवर कागद, हातात पॉइंट टू टू रायफल. मी बी. ए.चा विद्यार्थी, कवितांच्या वह्या भरणारा. माझ्या रायफलचं टोक श्वासाबरोबर वरखाली होत राही. उस्ताद जवळ येऊन वाळूच्या पिशवीकडे बोट दाखवत आणि म्हणत, ‘पकडो मत, टिका दो.’ धरू नकोस, टेकव.

धरणं आणि टेकवणं यांतला हा फरक मला नीट कळला तो चाळीसएक वर्षांचा फेरा घेऊन, आणि तोही थेट कॅनडात. तोच आज सांगायचा आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत रायफलच्या पुढच्या भागाखाली दोन पाय बसवतात. इंग्रजी नाव बायपॉड. मी त्याला घोडी म्हणेन. सुताराची घोडी असते, सतारीची घोडी असते, तशी ही रायफलची घोडी.

माझे एक मामेभाऊ आहेत. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. मिरजेहून ते नोकरीसाठी कॅनडात गेले आणि ओटावाला स्थायिक झाले. त्या शहराच्या पश्चिमेला, ओटावा नदीच्या काठी कॉनॉट नावाचं जुनं, विस्तीर्ण नेमबाजीचं मैदान आहे. तिथे ९०० मीटरपर्यंतच्या अंतरावरून स्पर्धा होतात. भाईजानांना तिथे छंद जडला तो पट्ट्याच्या नेमबाजीचा. पालथं झोपायचं, डाव्या दंडाला कातडी पट्टा आवळायचा, तो पुढे रायफलला अडकवायचा आणि डाव्या हाताच्या हाडावर रायफलचं सगळं वजन तोलायचं. डोळ्यापुढे दुर्बीण नाही. मागे बारीक भोक, पुढे बारीक कडी आणि पलीकडे लक्ष्याचा काळा ठिपका. तिन्ही एका रेषेत आणायचे.

साठी उलटल्यावर भाईजानांच्या डाव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा पुढची कडी धूसर दिसायला लागली. त्यांनी रायफल कपाटात ठेवली आणि फोनवर मला म्हणाले, ‘आता संपलं रे.’ दोन वर्षं त्यांनी मैदानाचा विषय काढला नाही.

गंमत अशी, की नेमक्या याच अडचणीतून, याच देशात, नेमबाजीचा एक नवा प्रकार जन्माला आला होता. जॉर्ज फारक्वार्सन हे कॅनडातले मुरलेले पट्टेवाले नेमबाज. वय वाढलं, नजर आणि हात साथ देईनात. त्यांनी मैदान सोडलं नाही. रायफलवर दुर्बीण चढवली, खाली टेकू दिला आणि आपल्या जुन्या सोबत्यांच्या शेजारीच नेम धरायला लागले. त्यांच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून या प्रकाराला ‘एफ-क्लास’ हे नाव पडलं. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात आणि त्यांत तरुणही भरपूर असतात.

एफ-क्लासचे दोन भाग आहेत. पहिला ‘ओपन’. त्यात पुढचा टेकू रायफलपासून वेगळा, जमिनीवर ठेवलेला, भारी चौथऱ्यासारखा चालतो आणि रायफलचं वजन १० किलोपर्यंत असू शकतं. दुसरा ‘एफ-टीआर’. त्यात काडतूस .२२३ किंवा .३०८ याच दोन मापांचं हवं. टेकू म्हणून घोडी चालते, पण ती रायफलला जोडलेली असली पाहिजे. रायफल, दुर्बीण आणि घोडी मिळून वजन ८.२५ किलोच्या वर जाता कामा नये. मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी चालते, पण ती रायफलला बांधलेली किंवा यंत्रानं वरखाली होणारी नको. भाईजानांनी हा दुसरा मार्ग धरला.

इथे एक खुलासा करतो, कारण आपल्याकडच्या पालकांचा गोंधळ होतो. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत घोडीला परवानगी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्णपदक मिळवलं ते पालथ्या स्थितीत, पट्ट्याच्या आधारानं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्यात गुडघ्यावर आणि पालथं असताना पट्टा चालतो, उभ्यानं तोही नाही. म्हणून तुमची मुलगी जिल्हा स्पर्धेसाठी रायफल शिकत असेल, तर तिच्यासाठी घोडी घेऊ नका. मात्र हाताच्या दुर्बलतेमुळे ज्यांना रायफलचं वजन पेलत नाही, अशा दिव्यांग नेमबाजांच्या एसएच-२ गटात स्प्रिंगच्या स्टँडवर रायफल टेकवायला नियमानंच मुभा आहे. तिथे कुणी त्याला लबाडी म्हणत नाही.

तशी ही कल्पना जुनीच. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातला शिपाई जड मस्केट डागण्यासाठी बरोबर दुबेळकं असलेली काठी बाळगायचा. अफगाणांच्या लांब जेझैल बंदुकाही अशाच बेचक्यावर टेकवत. आपल्या बखरींत भेटणारी जेजाला याच घराण्यातली. माणसानं बंदूक लांब आणि जड केली त्या दिवसापासून त्याला टेकू लागला.

तर भाईजानांनी घोडी मागवली. दिसायला देखणी, उंच पायांची, स्प्रिंगनं झटकन उघडणारी. मागल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा ती घेऊन आम्ही मैदानावर गेलो. सिमेंटच्या ओट्यावर भाईजान झोपले. पहिली गोळी सुटली तशी रायफलनं चक्क उडी मारली आणि डावीकडे कलंडली. दुसरी गोळी भलतीकडे, तिसरी आणखी तिसरीकडे. दहा गोळ्यांनी कागदावर रांगोळीचे ठिपके विखुरावेत तशी गत झाली. भाईजान उठले, रायफल गुंडाळली आणि म्हणाले, ‘पाहिलंस? म्हातारपण टेकू लावून जात नसतं.’

शेजारी एक वयस्कर नेमबाज होता. तो हसून म्हणाला, ‘तुमचे हात थरथरत नाहीत, घोडीचे पाय उड्या मारतायत.’ त्या वाक्यानं भाईजान पुन्हा खाली बसले. पुढचे दोन दिवस आम्ही त्यांच्या घराच्या तळघरात घालवले. त्यात मी जे शिकलो ते क्रमानं सांगतो.

आधी मूळ मुद्दा. आपल्याला वाटतं, गोळी नळीतून निघून जाते आणि मग धक्का बसतो. तसं नसतं. गोळी पुढे सरकायला लागल्या क्षणापासून रायफल मागे सरकायला लागते. आठ किलोची रायफल आणि दहा-अकरा ग्रॅमची गोळी धरली, तर गोळी नळीच्या तोंडाशी येईपर्यंत रायफल सुमारे एक मिलिमीटर मागे गेलेली असते. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. त्या मिलिमीटरभर प्रवासात रायफल सरळ मागे गेली की तिरकी, यावर गोळीची दिशा ठरते. शिवाय नळीतल्या आट्यांमुळे गोळी फिरत असते आणि रायफल उलट बाजूला पिळली जाते.

हिशेब पाहा. घोडी आणि मागची पिशवी यांत एक मीटर अंतर आहे असं धरा. नळीचं पुढचं टोक एका मिलिमीटरनं जास्त उचललं गेलं, तर हजार यार्डांवर गोळी एक यार्ड, म्हणजे जवळजवळ दोन हात वर लागेल. आणि अमेरिकेतल्या एफ-क्लासच्या लक्ष्यावर हजार यार्डांना दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त दहा इंचांचं, आपल्या जेवणाच्या ताटाहून लहान. म्हणून घोडीचं काम रायफल करकचून रोखण्याचं नाही. ती रोखली जाणारही नाही. प्रत्येक वेळी तिला एकाच वाटेनं मागे जाऊ देणं, हे तिचं काम.

हे ध्यानात आलं की निवड सोपी होते. पहिली गोष्ट रुंदी. शिकारी आणि सैनिक यांच्यासाठी बनलेल्या घोड्या अरुंद असतात. त्यांना झाडीतून वाट काढायची असते, पाय मिटून पळायचं असतं, आणि त्या कामात त्या उत्तम ठरतात. लक्ष्याच्या नेमबाजाला पळायचं नसतं. त्याची घोडी पाय फाकून बसणारी हवी. पाय जितके लांब-लांब टेकतील, तितका रायफलचा पीळ कमी जाणवतो. कुस्तीतला पैलवान पाय रोवून उभा राहतो त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट उंची. पालथं झोपून आपल्याला जमेल तितकी बुटकी घोडी घ्यावी. उंच घोडीवर रायफल डोलते. पण मानेला त्रास होईल इतकी बुटकीही नको.

तिसरी गोष्ट वजन. ८.२५ किलोच्या मर्यादेत घोडी जितकी हलकी, तितकी जड नळी आपल्याला वापरता येते. म्हणून विकत घेण्याआधी रायफल, दुर्बीण, कडी, पट्टी सगळं एकत्र काट्यावर ठेवा आणि उरलेल्या वजनात बसणारी घोडी शोधा. स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यावर पन्नास ग्रॅम जास्त भरले, तर तिथे कुणी ऐकून घेत नाही.

चौथी गोष्ट पावलं. रबरी गोळ्यांचे पाय सिमेंटवर चेंडूसारखे उसळतात. मऊ जमिनीत टोकदार पाय प्रत्येक गोळीला थोडे खोल रुततात. लक्ष्याच्या घोड्यांना बहुधा बर्फावरच्या घसरपट्टीसारखी लांब, सपाट पावलं असतात. ती मागेपुढे सहज सरकतात, आडवी सरकत नाहीत. पाचवी गोष्ट, सांधे. घोडी हातात धरून हलवून बघा. कुठे खडखड वाजलं, सैल लागलं, तर ती घेऊ नका. उरलेली सोय म्हणजे उंची आणि कल बसल्या जागी बदलता येणं. इंडोनेशियात तयार होणाऱ्या जॉय-पॉड या घोडीला तर पुढून मागे आलेली एक दांडी असते. ती बोटांनी हलवून नेम वरखाली आणि आजूबाजूला नेता येतो. जगातले कितीतरी एफ-टीआर नेमबाज ती वापरतात. भाईजानांनी मात्र साधी, रुंद, पावलांची घोडी पसंत केली.

आता बसवण्याबद्दल. पहिलं काम, रायफल रिकामी करणं. काडतूस नाही हे डोळ्यांनी बघायचं, बोटानं चाचपायचं, बोल्ट काढून दुसऱ्या टेबलावर ठेवायचा. काडतुसं त्या खोलीत नकोतच. भाईजान तीस वर्षांचे अनुभवी, पण हे करताना ते मोठ्यानं बोलून करत. मी विचारलं, ‘एवढं मोठ्यानं का?’ म्हणाले, ‘म्हणजे तूही साक्षीदार होतोस.’

लक्ष्याच्या रायफलच्या पुढच्या भागाखाली बहुधा अ‍ॅल्युमिनियमची खाचेची पट्टी असते. पट्ट्याची कडी आणि हाताचा अडसर तिच्यातच सरकतात. घोडी त्याच पट्टीत जोडतुकड्यानं बसवायची. पट्ट्यांची मापं वेगवेगळी असतात, तेव्हा जोडतुकडा आपल्या पट्टीच्या मापाचाच हवा. जवळपास बसतोय म्हणून ठोकून बसवू नये. पट्टी नसून फक्त लाकडात पिळलेला खिळा असेल, तर त्याच्या भरवशावर रुंद घोडी लावू नका. धक्क्यांनी तो सैल होतो. जाणकार कारागिराकडून आरपार बोल्टनं बसवलेली पट्टी लावून घ्यावी.

घोडी पुढच्या भागाच्या शक्य तितक्या टोकाला बसवा. घोडी आणि मागची पिशवी यांत जितकं अंतर जास्त, तितकी पुढच्या एखाद्या मिलिमीटरची चूक लक्ष्यावर लहान होते. मात्र ती नळीला कधीही जोडायची नाही. चांगल्या रायफलची नळी पुढच्या लाकडाला न शिवता मोकळी असते आणि गोळी सुटताना कंप पावते. ती मोकळी राहिली पाहिजे. त्याची परीक्षा सोपी आहे. रायफल घोडीवर ठेवा, वरून नेहमीएवढा भार द्या आणि कागदाची पट्टी नळी व लाकूड यांच्यामधून सरकवा. भाईजानांच्या रायफलचा पुढचा भाग भार दिला की वाकत होता आणि कागद अडकत होता. गोळ्या विखुरण्याचं ते एक कारण सापडलं.

स्क्रू आवळताना आधी तेल पुसून घ्या आणि बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मापापर्यंतच आवळा. मग स्क्रू आणि पट्टी यांच्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, सांधा सरकला.

त्यानंतर रायफल समतल करायची. आपले गवंडी यात आपले गुरू आहेत. तळघराच्या टोकाला भाईजानांनी दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीशी जुळेपर्यंत दुर्बीण तिच्या कड्यांत फिरवली आणि रायफलवर छोटी पाणसळ बसवली. हे कशासाठी? हजार यार्डांवर .३०८ची गोळी एवढी खाली पडते, की शंभर यार्डांच्या नेमाच्या तुलनेत आठ मीटर वर नेम धरावा लागतो. रायफल एका अंशानं जरी तिरकी झाली, तरी त्यातले पाच-सहा इंच बाजूला निघून जातात. घोडीचा एक पाय खड्ड्यात असेल तर नेमकं हेच घडतं आणि आपण वाऱ्याला दोष देत बसतो.

मग शरीराची पाळी. आधी आपण आरामात झोपायचं, नंतर घोडी आणि पिशवी आपल्या उंचीला आणायची. उलटं करू नये. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रेघ लक्ष्यावरून सरकलेली असेल, तर हातांनी ओढून आणू नका. अख्खं शरीर थोडं सरकवा. नंतर रायफल हातानं दोन-तीन सेंटिमीटर मागे ओढा आणि पुन्हा पुढे न्या. दुर्बिणीतली रेघ आडवी पळाली, तर घोडीची पावलं किंवा मागची पिशवी नळीच्या रेषेत नाही. ती जुळेपर्यंत गोळी झाडण्यात अर्थ नाही.

अरुंद, रबरी पायांच्या घोडीवर काही जण खांद्यानं रायफल पुढे दाबून धरतात. रुंद, सरकणाऱ्या घोडीवर खांदा हलकासा टेकवणं पुरतं. दोन्ही रीती चालतात. एक गोळी दाबून आणि दुसरी सैल, हे मात्र चालत नाही. सिमेंटच्या ओट्यावर नियमात बसेल असा सपाट गालिच्याचा तुकडा घोडीखाली अंथरावा. त्या त्या स्पर्धेचं नियमपुस्तक वाचूनच.

शेवटी एक वही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाच गोळ्या झाडायच्या, लिहायचं, मगच दुसरी गोष्ट. भाईजान इंजिनिअर, त्यांना हे सांगावं लागलं नाही. मला लागलं. मी आल्या उत्साहात उंची, पिशवी आणि गालिचा एकदमच बदलून टाकायला निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. ३०० मीटरपासून सुरुवात केली. पहिली गोळी सुटली. रायफल सरळ मागे सरकली आणि दुर्बिणीतून डोळा न हलवता भाईजानांना लक्ष्य पुन्हा तिथेच दिसलं. पाच गोळ्या झाल्या. खालून लक्ष्य वर आलं तेव्हा पाचही खुणा एका वाटीखाली झाकता आल्या असत्या. भाईजान काही बोलले नाहीत. डाव्या हाताची बधिर बोटं त्यांनी उजव्या हातात घेतली आणि थोडा वेळ चोळत राहिले.

टेकू मिळाला म्हणजे नेम आपोआप लागतो, असा समज करून घेऊ नका. घोडीला वारा वाचता येत नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा हजार यार्डांवर .३०८ची गोळी सुमारे दोन मीटर बाजूला नेतो. मैदानावरची निशाणं कशी फडफडतात, नदीवरून येणारा झोत कधी पडतो, हे माणसालाच ओळखावं लागतं. तीस वर्षांत भाईजानांनी तेच कमावलं होतं. हात थकला म्हणून ते सगळं कपाटात जाणार होतं.

परवा त्यांचा फोन आला. स्पर्धेत मधल्या कुठल्याशा क्रमांकावर होते. मी विचारलं, ‘काय झालं, घोडी बिघडली का?’ म्हणाले, ‘छे रे! शेवटच्या तीन गोळ्यांना वारा फिरला आणि मी उशिरा पाहिला.’ आवाजात दुःख असं काही नव्हतं. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार, म्हणाले.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)